चेक प्रजासत्ताकातला नागरी लोकशाही पक्ष (ओडीएस): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी 1989 मध्ये कोसळल्या, इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढे त्या देशांत पक्ष कसे उभे राहिले, सरकारी कारखाने कुणाच्या हाती गेले, ज्यांनी राजवट उलथवली तेच पुढे राज्यावर टिकले का, याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. त्यासाठी चेक देशातल्या ओडीएस या मध्य-उजव्या पक्षाचा इतिहास मला सगळ्यांत बोलका वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या पक्षाने देशाला बाजारपेठ दिली, पण नियम आणि देखरेख मागाहून बघू म्हणून ठेवून दिली. त्याची किंमत लोकांनी मोजली आणि पक्षानेही मोजली. तरीही तो संपला नाही, आणि का संपला नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

ओडीएस म्हणजे नेमका कोणता पक्ष?

चेक भाषेतलं पूर्ण नाव ओबचान्स्का डेमोक्राटिट्स्का स्त्राना, म्हणजे नागरी लोकशाही पक्ष. स्थापना एप्रिल 1991, ओलोमोउत्स शहरातल्या अधिवेशनात. बोधचिन्ह निळा पक्षी. कमी कर, खासगी मालमत्ता, आटोपशीर सरकार, नाटो आणि अमेरिकेशी घट्ट मैत्री, ब्रुसेल्सबद्दल, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभाराबद्दल सावधपणा आणि कम्युनिस्टांशी उभा दावा, ही त्याची ओळख. संस्थापक व्हात्स्लाव क्लाउस, मिरेक टोपोलानेक, पेट्र नेचास आणि पेट्र फियाला असे चार पंतप्रधान या पक्षाने दिले.

तो कुठून जन्माला आला?

आंदोलनातून. 17 नोव्हेंबर 1989 रोजी प्रागमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दोनच दिवसांनी एका नाट्यगृहात ‘नागरी मंच’ स्थापन झाला. पुढे नाटककार व्हात्स्लाव हावेल (नंतरचे राष्ट्राध्यक्ष), कलावंत, तुरुंगवास भोगलेले बंडखोर, कॅथलिक, 1968 च्या सुधारणांनंतर पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट आणि सरकारी संशोधन संस्थांत दबून राहिलेले अर्थतज्ज्ञ असे सगळे त्याच्या छत्राखाली आले. राजवट घालवणं एवढ्या एकाच मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं. जून 1990 च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या चेक भागातली जवळपास निम्मी मतं मंचाला पडली.

पण राज्य करायला लागल्यावर मतभेद उघडे पडले. कारखाने किती वेगाने विकायचे? मंचाने चळवळच राहायचं की सभासद, शाखा, शिस्त असलेला पक्ष व्हायचं? अर्थमंत्री असलेले क्लाउस ऑक्टोबर 1990 मध्ये मंचाचे अध्यक्ष निवडून आले आणि त्यांनी पक्षाचा आग्रह धरला. हावेल यांच्या वर्तुळातल्यांना हे रुचलं नाही. फेब्रुवारी 1991 मध्ये मंच फुटला. परराष्ट्रमंत्री यिरझी डीन्स्टबिअर आणि इतर जुने बंडखोर ‘नागरी चळवळ’ नावाने वेगळे झाले, क्लाउस यांनी ओडीएस काढला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या नागरी चळवळीला संसदेत एकही जागा मिळाली नाही.

ज्यांनी तुरुंग भोगला ते बाहेर, आणि ज्यांनी तालुक्या-तालुक्यात शाखा उघडल्या ते सत्तेत. अनेकांना हा अन्याय वाटला. मला त्यात क्लाउस यांची दूरदृष्टीही दिसते: निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर माणूस कोण बसवणार, हा प्रश्न त्यांनी इतरांच्या आधी सोडवला होता.

क्लाउस आणि हावेल यांचं भांडण नेमकं कशावरून होतं?

दोघांचं पहिलं नाव एकच, राजवट बदलली तेव्हा दोघंही एकाच मंचावर, आणि स्वभाव दोन टोकांचे. हावेल नाटककार, अनेकदा तुरुंगात गेलेले. क्लाउस अर्थतज्ज्ञ, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद कधीच नव्हते, पण उघड बंडखोरही नव्हते. सरकारी नोकरी करता करता त्यांनी फ्रीडमन आणि हायेक हे मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ वाचून काढले होते. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंबद्दल त्यांना उघड आदर होता.

हावेल म्हणत, लोकशाही म्हणजे संस्था, संघटना, नागरिकांचा सततचा वावर. क्लाउस म्हणत, लोकांनी निवडून दिलेले पक्ष कारभार करतात, बाकीच्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. समाजवाद आणि भांडवलशाही यांच्या मधला ‘तिसरा मार्ग’ तिसऱ्या जगात घेऊन जातो, हे त्यांचं गाजलेलं विधान. बाजारपेठेला कोणतंही विशेषण लावायला त्यांचा विरोध होता. हावेल राष्ट्राध्यक्ष आणि क्लाउस पंतप्रधान अशी ही जोडी 1993 पासून जवळपास पाच वर्षं एकमेकांना सहन करत राहिली.

मध्य-उजवा म्हणजे धर्माच्या राजकारणाशी संबंध आहे का?

नाही, आणि भारतीय वाचकाची इथेच गल्लत होते. चेक समाज युरोपातल्या सर्वांत निधर्मी समाजांपैकी एक आहे. चर्चशी नातं सांगणारा ख्रिस्ती लोकशाही पक्ष तिथे वेगळा आहे. ओडीएसचं उजवेपण आहे ते कर, मालमत्ता आणि कम्युनिस्ट भूतकाळ या तीन गोष्टींपुरतं. त्याचा मतदार प्रागसारख्या शहरांतला, शिकलेला, स्वतःचा धंदा असलेला किंवा 1948 नंतर सरकारने हिसकावलेलं घर, दुकान, शेत परत मिळालेल्या कुटुंबातला.

कम्युनिस्टांचा मुद्दा तिथे जिवंत राहण्याचं एक कारण आहे. पोलंड आणि हंगेरीतल्या जुन्या कम्युनिस्टांनी नाव आणि धोरण बदलून समाजवादी पक्ष केले. चेक कम्युनिस्टांनी नावही सोडलं नाही आणि 2021 पर्यंत ते प्रत्येक संसदेत होते. त्यामुळे डावीकडे मत गेलं तर हेच परत येतील, ही भीती ओडीएसला प्रत्येक प्रचारात वापरता आली.

कूपन खासगीकरण काय होतं? लोकांना खरंच कारखाने वाटले का?

हो, कागदावर तरी वाटले. या पक्षाच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं प्रकरण हेच, म्हणून जरा सविस्तर.

चेकोस्लोव्हाकियात केशकर्तनालयांपासून पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत जवळपास सगळं सरकारी होतं. दुकानं, उपाहारगृहं असे छोटे व्यवसाय 1991 पासून जाहीर लिलावात विकले गेले. काही मालमत्ता जुन्या मालकांच्या वारसांना परत मिळाली. प्रश्न होता मोठ्या कारखान्यांचा. देशात कुणाकडे तेवढं भांडवल नव्हतं, आणि सगळंच परदेशी कंपन्यांना, त्यातही जर्मनांना विकायचं म्हटलं तर लोक भडकले असते. शिवाय वाट बघत बसलं तर जुने साहेबच गुपचूप मालक होऊन बसतील, अशी धास्ती होती.

त्यावरची तोड अशी: प्रत्येक प्रौढ नागरिकाने 35 क्राऊनला (क्राऊन हे तिथलं चलन) एक कूपन पुस्तिका घ्यायची, तिच्यावर 1000 क्राऊनचं तिकीट चिकटवायचं आणि नोंदणी करायची. एकूण खर्च तेव्हाच्या सरासरी मासिक पगाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका. बदल्यात 1000 गुण. हे गुण लावून यादीतल्या कंपन्यांचे शेअर मागायचे. मागणी फार झाली तर सरकार पुढच्या फेरीत गुणांमधली किंमत वाढवणार, कमी झाली तर उतरवणार. चाळीस वर्षं शेअर हा प्रकार न पाहिलेल्या माणसाच्या हाती अचानक कंपन्यांची जाडजूड यादी आली.

सुरुवातीला लोक फिरकेनात. मग खासगी गुंतवणूक फंड मैदानात उतरले. व्हिक्टर कोझेनी नावाच्या तिशीही न गाठलेल्या तरुणाच्या फंडाने जाहिरातींचा धडाका लावला: पुस्तिका आमच्याकडे द्या, वर्ष आणि एक दिवसानंतर दहापट रक्कम घेऊन जा. फंडाच्या नावात हार्वर्ड होतं, त्या विद्यापीठाशी फंडाचा काही संबंध नव्हता. या आश्वासनानंतर 1992 च्या सुरुवातीला नोंदणी केंद्रांवर रांगा लागल्या. एकट्या चेक भागात सुमारे 60 लाख लोकांनी पुस्तिका नोंदवल्या. प्रौढ लोकसंख्येचा हा बहुतांश भाग. पहिल्या लाटेतले सत्तर टक्क्यांहून जास्त गुण फंडांच्या हाती गेले.

आता खरी मेख. अनेक मोठे फंड बँकांनी काढलेले होते, आणि त्या बँकांत सरकारचा मोठा हिस्सा कायम होता. म्हणजे बँक एका हाताने कारखान्याची मालकीण, दुसऱ्या हाताने त्यालाच कर्ज देणारी. तोट्यातला कारखाना बंद कोण करणार? बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपास राहिली आणि जग कौतुक करत होतं, पण बुडीत कर्जं साचत होती. दुसरीकडे फंडांचे आणि कंपन्यांचे चालक आतून माल पोखरत होते. आपल्याच दुसऱ्या कंपनीला यंत्रं कवडीमोलाने विकायची, पैसा परदेशी वळवायचा, आणि लाखो छोट्या भागधारकांच्या हाती रिकामं टरफल ठेवायचं. चेक लोक याला ‘बोगदा खणणं’ म्हणू लागले. कोझेनी स्वतः बहामाजला निघून गेले. प्रागच्या न्यायालयाने 2010 मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना शिक्षा सुनावली.

हे सगळं चालू असताना बाजारावर नजर ठेवणारी यंत्रणा कुठे होती? प्रागचा शेअर बाजार एप्रिल 1993 मध्ये सुरू झाला. रोखे बाजारावर देखरेख करणारा स्वतंत्र आयोग आला एप्रिल 1998 मध्ये, क्लाउस पायउतार झाल्यावर. ही पाच वर्षं मला या पक्षाच्या इतिहासातली सर्वांत महाग पाच वर्षं वाटतात. मालमत्ता खासगी हाती गेली की मालक आपोआप तिची काळजी घेतील आणि कायदे मागून येतील, अशी श्रद्धा होती. प्रामाणिक श्रद्धा होती, असंही मी म्हणेन. पण ज्याने आपल्या पगारातून पुस्तिका घेतली त्याला या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

मग स्कोडा कंपनी कूपनांत वाटली गेली का? ती तर आपल्याकडे संभाजीनगरला आहे.

मोटारी बनवणारी स्कोडा कूपन योजनेत नव्हती. 1991 मध्ये, ओडीएस सत्तेत येण्याआधीच, चेक सरकारने जर्मनीच्या फोक्सवागनशी करार केला आणि हिस्सा टप्प्याटप्प्याने तिकडे दिला. पैसा आला, नवे आराखडे आले, निर्यात वाढली. औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा इथे 2001 पासून ज्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्या याच नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीच्या.

खासगीकरणावरच्या वादात म्हणूनच स्कोडाचं उदाहरण हटकून दिलं जातं. ज्याच्याकडे पैसा आणि तंत्र दोन्ही आहे असा एकच जबाबदार मालक शोधला तर काय होतं, हे तिथे दिसलं. बँकांच्या बाबतीत हेच शहाणपण यायला 1999 ते 2001 उजाडलं आणि तेव्हा सत्तेत समाजवादी होते. मोठ्या बँका बेल्जियन, ऑस्ट्रियन आणि फ्रेंच बँकांना विकण्याचं काम त्यांनी केलं.

चेकोस्लोव्हाकियाची फाळणी ओडीएसने केली का?

एकट्याने नाही, पण सही त्यांचीही आहे. जून 1992 मध्ये चेक भागात ओडीएस पहिला आला आणि स्लोव्हाकियात व्लादिमीर मेचियार यांची चळवळ. मेचियार यांना स्लोव्हाकियासाठी जास्त अधिकार आणि सुधारणांचा मंद वेग हवा होता. क्लाउस यांचं म्हणणं होतं की एकतर सक्षम केंद्र असलेला एक देश, नाहीतर सरळ दोन देश. जुलैत हावेल यांनी संघराज्याच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ऑगस्टअखेरीस ब्रनो शहरातल्या टुगेंडहाट या प्रसिद्ध बंगल्यात बैठक झाली आणि तारीख ठरली: 1 जानेवारी 1993.

जनमत घेतलं गेलं नाही. दोन्हीकडच्या पाहण्यांत बहुसंख्य लोक फाळणीच्या विरोधात होते, त्यामुळे हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. त्याच सुमारास युगोस्लाव्हियात रक्ताचे पाट वाहत होते, इथे गोळीही सुटली नाही. मालमत्ता साधारण दोनास एक अशी वाटली. फेब्रुवारीत चलन वेगळं झालं तेव्हा नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर छोटी तिकिटं चिकटवून काही महिने व्यवहार चालवला.

1997 मध्ये सरकार का पडलं?

दोन कारणं एकत्र आली. 1996 च्या निवडणुकीत ओडीएस पहिला आला खरा, पण त्याच्या आघाडीला 200 पैकी 99 जागाच मिळाल्या. मे 1997 मध्ये क्राऊनवर संकट आलं, खर्चकपातीचे दोन ‘संच’ जाहीर करावे लागले आणि आर्थिक चमत्काराची हवा गेली. आणि मग देणग्यांचं प्रकरण फुटलं.

पक्षाच्या हिशेबात 75 लाख क्राऊनची देणगी दोन परदेशी माणसांच्या नावावर दाखवली होती. एक हंगेरियन, दुसरा मॉरिशसचा, भारतीय वळणाच्या नावाचा. पत्रकारांनी माग काढला तेव्हा कळलं की हंगेरियन दाता केव्हाच वारला होता आणि मॉरिशसच्या गृहस्थांना या देणगीचा पत्ताच नव्हता. खरा दाता निघाला एक माजी टेनिसपटू उद्योजक. त्याचा संबंध एका मोठ्या पोलाद कारखान्याच्या खासगीकरणाशी होता. पाठोपाठ पक्षाचं परदेशात गुप्त खातं असल्याच्या बातम्या आल्या.

28 नोव्हेंबरला क्लाउस साराजेव्होच्या दौऱ्यावर असताना पक्षातलेच यान रुमल आणि इव्हान पिलिप यांनी त्यांच्या राजीनाम्याची जाहीर मागणी केली. मित्रपक्षांनी पाठिंबा काढला आणि सरकार गेलं. क्लाउस यांचे समर्थक आजही याला ‘साराजेव्होतला घात’ म्हणतात. दोन आठवड्यांत पोडेब्राडी इथल्या अधिवेशनात सभासदांनी क्लाउस यांनाच पुन्हा अध्यक्ष केलं. रुमल-पिलिप गट बाहेर पडला आणि त्यांनी ‘स्वातंत्र्य संघ’ हा पक्ष काढला.

माझा राग आहे तो त्या अधिवेशनावर. देणगीचा प्रश्न मागे पडला आणि नेत्याशी निष्ठा हाच विषय होऊन बसला. पक्षाने त्या वेळी स्वतःचं घर साफ केलं असतं तर 2013 चा दारुण पराभव कदाचित झाला नसता.

‘विरोधी करार’ म्हणजे काय?

1998 च्या निवडणुकीत मिलोश झेमान यांचे समाजवादी पहिले आले, ओडीएस दुसरा. ओडीएसचा सगळा प्रचार डाव्यांना रोखा असा होता. पण रुमल यांचा नवा पक्ष आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी यांच्याबरोबर बसण्यापेक्षा क्लाउस यांनी झेमान यांच्याशीच लेखी करार केला. ओडीएस झेमान यांचं अल्पमतातलं सरकार पाडणार नाही, बदल्यात क्लाउस संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती आणि इतर महत्त्वाची पदं. दोन मोठ्या पक्षांना फायद्याची ठरेल अशी निवडणूक पद्धतही त्यांनी आणू पाहिली, पण घटनात्मक न्यायालयाने 2001 मध्ये तिचा गाभाच रद्द केला.

लोक चिडले. 1999 मध्ये ‘धन्यवाद, आता जा’ अशी मोहीम निघाली, आणि 2000 च्या अखेरीस सरकारी दूरचित्रवाणीवर ताबा मिळवण्याच्या प्रयत्नाविरुद्ध प्रागच्या चौकात प्रचंड गर्दी जमली. स्थैर्यासाठी करार केला असं क्लाउस सांगत. चेक मतदाराच्या मनात मात्र ‘सगळे एकाच माळेचे मणी’ ही भावना याच चार वर्षांत पक्की झाली, आणि पुढे उद्योजक आंद्रेय बाबिश यांनी तिच्यावरच आपला पक्ष उभा केला असं मी मानतो.

2002 मध्ये पुन्हा पराभव झाला आणि क्लाउस यांनी अध्यक्षपद सोडलं. फेब्रुवारी 2003 मध्ये ते हावेल यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झाले.

ओडीएस युरोपविरोधी आहे का?

युरोपीय संघात जाण्याचा अर्ज जानेवारी 1996 मध्ये क्लाउस यांनीच पंतप्रधान म्हणून दिला. 2003 च्या जनमतात पक्ष प्रवेशाच्या बाजूने होता. त्याचा विरोध आहे तो ब्रुसेल्सकडे अधिकार गोळा होण्याला आणि युरो चलनाला. चेक देशात आजही क्राऊनच चालतो. 2009 मध्ये ओडीएसने ब्रिटनचे हुजूर आणि पोलंडचा कायदा आणि न्याय पक्ष यांच्यासोबत युरोपीय संसदेत वेगळा गट काढला.

क्लाउस मात्र पुढे फार लांब गेले. युरोपीय संघाचे अधिकार वाढवणाऱ्या लिस्बन करारावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही करायला त्यांनी नोव्हेंबर 2009 पर्यंत वाट पाहायला लावली, आणि त्याआधीच डिसेंबर 2008 मध्ये ते आपल्याच पक्षातून बाहेर पडले होते. त्यांचे चिरंजीव व्हात्स्लाव क्लाउस धाकटे यांना पक्षाने 2019 मध्ये काढून टाकलं.

टोपोलानेक यांच्या काळात काय घडलं?

2006 मध्ये पक्षाला 35 टक्के मतं आणि 81 जागा मिळाल्या. इतकं यश ना आधी मिळालं, ना नंतर. पण आघाडीच्या जागा नेमक्या 100 आणि विरोधकांच्याही 100. सात महिने घोळ चालला. शेवटी दोन समाजवादी खासदारांनी साथ सोडल्यावर जानेवारी 2007 मध्ये सरकार तरलं. उत्पन्नावर सरसकट 15 टक्के कर आणि डॉक्टरकडे गेल्यावर 30 क्राऊन शुल्क या त्यांच्या दोन मोठ्या सुधारणा. रक्कम किरकोळ होती, संताप किरकोळ नव्हता. 2008 च्या प्रांतिक निवडणुकीत 13 पैकी एकाही प्रांताचं प्रमुखपद पक्षाकडे उरलं नाही.

मार्च 2009 मध्ये चेक देश युरोपीय संघाचं अध्यक्षपद भूषवत असतानाच संसदेत अविश्वास ठराव 101 मतांनी मंजूर झाला. पक्षातून फुटलेल्या दोघांचीही मतं त्यात होती. दुसऱ्याच दिवशी टोपोलानेक युरोपीय संसदेत उभे राहिले आणि त्यांनी अमेरिकेच्या आर्थिक पॅकेजला नरकाची वाट म्हटलं.

2013 मध्ये पक्ष एवढा का आपटला?

शाखांपासून सुरुवात करू. सहकारी संस्थेच्या निवडणुकीआधी बोगस सभासद कसे नोंदवले जातात, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ओडीएसच्या काही शाखांत तेच झालं. कुणी धनवान माणूस शेकडो जणांची वर्गणी एकरकमी भरायचा आणि शाखेचा कारभारी ठरवायचा. चेक पत्रकारांनी याला ‘देवमाशांची शिकार’ असं नाव दिलं, आणि अशा धनवानांना ‘धर्मपिते’. शहराची कंत्राटं, उमेदवारी आणि शाखा यांचा असा गोफ विणला गेला होता. ऐन गर्दीच्या काळात पक्ष बाहेरून मोठा दिसत होता.

पेट्र नेचास यांना ‘श्रीयुत स्वच्छ’ म्हणत. 2010 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्या काळात सरकारी वकिलांना खरोखर मोकळा श्वास मिळाला, ही त्यांची जमेची बाजू मी नोंदवून ठेवतो. जून 2013 मध्ये त्याच यंत्रणेने एका रात्री त्यांच्याच कार्यालयावर छापे घातले. त्यांच्या कार्यालयप्रमुखाला अटक झाली. लष्करी गुप्तचरांकरवी पंतप्रधानांच्या पत्नीवर पाळत ठेवल्याचा आरोप होता. नेचास यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरच्या मध्यावधी निवडणुकीत ओडीएसच्या जागा 53 वरून 16 वर आल्या, मतं 8 टक्क्यांच्याही खाली. अब्जाधीश बाबिश यांचा नवा पक्ष एका झटक्यात दुसऱ्या क्रमांकावर गेला.

मग पक्ष संपला का नाही? शेजारच्या देशांतले असे पक्ष तर संपले.

या पानावर मला सर्वांत जवळचा असलेला प्रश्न. हंगेरीत 1990 ची पहिली निवडणूक जिंकणारा लोकशाही मंच 2010 मध्ये संसदेबाहेर पडला. पोलंडमध्ये 1997 ला जिंकलेली एकजूट निवडणूक आघाडी 2001 मध्ये एकही जागा न मिळता विरली. बल्गेरियाचा लोकशाही शक्तींचा संघ नावापुरता उरला. खुद्द चेक देशात ओडीएसमधून फुटलेला स्वातंत्र्य संघ दोन निवडणुकांत आटोपला.

ओडीएस टिकला तो गावागावांतल्या नगराध्यक्षांमुळे आणि नगरसेवकांमुळे. 1991 मध्ये क्लाउस यांनी धरलेला शाखांचा हट्ट इथे कामी आला. प्रागमधल्या घोटाळ्याची बातमी वाचून चिडलेला मतदार आपल्या नगराध्यक्षाला मात्र ओळखत होता. पाण्याची टाकी कुणी बांधली, शाळेचं छप्पर कुणी बदललं हे त्याला दिसत होतं. तेप्लित्से या खाणपट्ट्यातल्या शहराचे यारोस्लाव कुबेरा हे त्याचं ठळक उदाहरण. वर्षानुवर्षं नगराध्यक्ष राहून ते पुढे सिनेटचे अध्यक्ष झाले. जानेवारी 2020 मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्याच पक्षाचे मिलोश विस्त्रचिल त्या पदावर आले. चीनच्या धमक्यांना न जुमानता तैवानला जाऊन तिथल्या संसदेत ‘मी तैवानी आहे’ म्हणणारे ते हेच.

ज्या शाखा विकत घेतल्या गेल्या त्यांनी पक्ष बुडवला आणि ज्या शाखा गावात रुजल्या होत्या त्यांनी वाचवला.

फियाला यांनी काय वेगळं केलं?

पेट्र फियाला राज्यशास्त्राचे प्राध्यापक, ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पक्षाचे सभासद झाले तेच मुळी पराभवानंतर, नोव्हेंबर 2013 मध्ये, आणि दोन महिन्यांत अध्यक्ष. त्यांच्याकडे क्लाउस यांची धार नव्हती की टोपोलानेक यांचा तडाखा. त्यांनी पक्षाला शांत केलं, आणि जे क्लाउस यांनी 1998 मध्ये नाकारलं ते केलं: उजवीकडच्या मित्रांशी बसून बोलले. ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि टॉप 09 हा दुसरा मध्य-उजवा पक्ष यांना सोबत घेऊन ‘स्पोलु’, म्हणजे ‘एकत्र’, ही आघाडी झाली. 2021 मध्ये तिला 27.8 टक्के मतं पडली, बाबिश यांच्या पक्षाला 27.1. बाबिश यांची एक जागा जास्त होती, पण बहुमत फियाला यांनी जमवलं. कम्युनिस्ट त्या वेळी पहिल्यांदाच संसदेबाहेर गेले.

सरकार स्थिरावतंय तोच रशियाने युक्रेनवर हल्ला केला. 15 मार्च 2022 रोजी फियाला पोलंड आणि स्लोव्हेनियाच्या पंतप्रधानांबरोबर रेल्वेने कीव्हला पोचले. युद्ध सुरू झाल्यावर तिथे गेलेले हे पहिले परदेशी सरकारप्रमुख. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे ज्यांच्या रस्त्यांवर आले त्या देशासाठी ही भेट साधा राजशिष्टाचार नव्हती. लाखो युक्रेनियनांना आसरा मिळाला, आणि 2024 मध्ये जगभरातून तोफगोळे मिळवून युक्रेनला पोचवण्याची मोहीम चेक सरकारने चालवली. फियाला यांचं हे काम मला निर्विवाद मोठं वाटतं.

घरात मात्र महागाईने कंबरडं मोडलं. 2022 चा सरासरी दर 15 टक्क्यांवर होता. लोकांच्या खिशाबद्दल बोलताना फियाला वर्गात शिकवल्यासारखे बोलत, अशी टीका सतत झाली.

आता पक्ष कुठे आहे?

विरोधात. मे 2025 मध्ये न्यायमंत्री पावेल ब्लाझेक यांना जावं लागलं. बेकायदा अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाकडून त्यांच्या मंत्रालयाने सुमारे एक अब्ज क्राऊनचे बिटकॉइन देणगी म्हणून स्वीकारले होते. ब्लाझेक ओडीएसचे जुने, वजनदार नेते. पैसा कुठून आला हे न विचारता घेण्याची सवय 1997 पासून गेलेली नव्हती, असंच माझ्या मनात आलं.

ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत बाबिश यांचा पक्ष 34.5 टक्के मतांनी पहिला आला आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. स्पोलु आघाडीला 23 टक्के मतं आणि 52 जागा मिळाल्या. फियाला यांनी पक्षाचं अध्यक्षपद पुन्हा लढवणार नाही असं जाहीर केलं. पुढची निवडणूक मित्रांसोबत लढायची की निळ्या पक्ष्याच्या चिन्हावर स्वतंत्र, यावर निवडणुकीनंतर पक्षात वाद झाला.